म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: एका खानावळवालीचा हिशेब

आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी चार. एक गुण कापला तो गाडी लावताना जो जीव निघतो त्यासाठी, आणि आतल्या गल्लीत एका दुकानदाराने जे माझ्या गळ्यात मारलं त्यासाठी. ते पुढे येईलच. स्वस्त मिळतं असं ऐकून कोणी गोव्यात म्हापशाला निघणार असेल तर त्याने पेट्रोल जाळू नये. कांदे-बटाटे, डाळी, रोजची भाजी यांना आपापल्या गावचा बाजार बरा. म्हापशाला जायचं ते ज्या जिनसांना गावाचं नाव चिकटलंय त्यांच्यासाठी. मयड्याची केळी, हरमलची मिरची, आगशीची वांगी, खोल्याची मिरची, पर्र्याचं कलिंगड. इथे माल गावाच्या नावाने मागतात आणि गावाच्या नावानेच विकतात. ते नाव खरं की नुसतंच तोंडाला आलेलं, हे ओळखणं मात्र सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या अंगावर.

माझी सावंतवाडीत खानावळ आहे. दुपारचं जेवण फक्त, एक शाकाहारी ताट आणि एक माशाचं. मसाला घरी भाजून दळते, सोलकढी पाकिटातल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या तयार रसाची, करत नाही. मिरची नि सोलं (कोकमाची सुकवलेली सालं) बिघडली की कढीचा रंग आधी जातो आणि मग गिऱ्हाईक. त्यामुळे आगोटीच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेच्या शुक्रवारी, म्हापशाची खेप चुकवायची नाही असा माझा नेम. बांदा, पत्रादेवी, पेडणे, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. एसटी आहे, गोव्याची सरकारी कदंबा बस आहे, आणि बसस्टँडवरून बाजार चालत गाठता येतो. स्वतःची गाडी काढायची हौस असेल त्याने ती बाजारापासून लांब कुठेतरी सोडावी आणि पुढे पाय चालवावेत. शुक्रवारी बाजाराभोवती घिरट्या घालण्यात जितका वेळ जातो तितक्यात दोन पिशव्या भरून होतात.

बाजाराची बांधणी पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीची. सरळ गल्ल्या, कमानींचे सज्जे, मध्ये हरिणासोबतच्या शकुंतलेचा पुतळा. हरवलेली माणसं तिथे भेटतात, म्हणजे आम्ही तरी तसंच ठरवून सुटतो. इतर दिवशी हा कुठल्याही तालुक्याच्या गावासारखा पालिकेचा बाजार असतो. शुक्रवारी मात्र बार्देश, पेडणे, डिचोली नि आमच्या दोडामार्ग-बांद्याकडच्या बायका पहाटेच्या गाड्यांनी येऊन जागा धरतात, गल्ल्यांच्या तोंडाशी, पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला. समोर गोणपाट, त्यावर वाटे. पालिकेचा माणूस सोपो, म्हणजे जागेचा कर, गोळा करत फिरतो, पावती फाडतो. पर्यटक येतात त्यातले निम्मे हा बाजार हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराशी घोळवून येतात आणि मण्यांच्या माळा शोधत बसतात. त्यांना बिचाऱ्यांना मिळतातही.

तर आता मुद्द्याचं. विकणारी घरचा माल घेऊन बसलीय की घाऊक बाजारातून उचलून आणलाय, हे तिच्यासमोरच्या मांडणीवरून कळतं. एकीच्या पुढ्यात चार नारळ, केळ्यांचा अर्धा फणा, ओंजळभर तिरफळं, दोन वाटे अळसाणे आणि एक भोपळा असं विजोड काहीतरी असेल तर तो परसातला माल आहे, डोळे झाकून बसा तिच्यापुढे. दुसरीकडे एकाच आकाराची पन्नास वांगी रचून ठेवलेली असतील तर ती बेळगावच्या ट्रकमधून उतरलीयत. वाईट नसतात हो ती, पण त्यांना आगशीची म्हणू नये. आगशी पडली तिसवाडीत, जुवारी नदीच्या काठाला. तिथली वांगी तुकतुकीत, अंगाने भरलेली, भाजून भरीत करा की काप तळा, मऊ लोण्यासारखी होतात. खरी आगशीची वांगी म्हापशात मिळतात, पण थोडी, आणि सकाळी लवकर संपतात. दहा वाजता कोणी आगशीची म्हणून ढीग दाखवला तर हसून पुढे जावं.

मिरचीवर मात्र थांबते, कारण वर्षाचा मसाला तिच्यावर उभा आहे.

म्हापशात सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव खोल्याच्या मिरचीचं. खोला हे गाव काणकोणात, गोव्याच्या पार दक्षिण टोकाला. तिथली मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रंगाला भडक लाल आणि तिखटाला मध्यम. रेशादासाठी, म्हणजे माशात भरायच्या लाल मसाल्यासाठी, गोव्यात तिच्यासारखी नाही असं सांगणारे पुष्कळ. आता विचार करा. काणकोणातली शेतकरीण आपली मिरची घेऊन मडगाव ओलांडून, पणजी ओलांडून म्हापशाला कशाला येईल? येतच नाही असं नाही, पण मेमध्ये इथे दर दहा पावलांवर जी खोल्याची मिरची दिसते तेवढी पिकवायला डोंगर पुरायचा नाही. त्यात ती पावसाळी पिकाची, म्हणजे मेमध्ये जी मिळेल ती काही महिने कुठेतरी पडून राहिलेली. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर नावाचा भाव आणखी चढलाय, आणि भाव चढला की नावाला पाय फुटतात.

मी म्हापशात खोल्याची मागतच नाही. हरमलची मागते. हरमल पेडण्यात, इथून जवळ, पीक हिवाळी-उन्हाळी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ती नुकती वाळून बाजारात आलेली असते. यंदा एका म्हातारीपुढे बसले. साडीचा काष्टा मारलेला, समोर फक्त मिरचीचं एक पोतं आणि तागडी. विचारलं, “हरमलची मगो?” तर म्हणते, “न्हय बाये, हांव मांद्र्याची. मिर्सांगय मांद्र्याची.” हरमल नि मांद्रे शेजारशेजारची गावं, वाळू तीच, वारा तोच. ‘हो’ म्हटलं असतं तर मला कुठे कळणार होतं? तिच्याकडून पाच किलो घेतली. भाव सांगितला त्यात पैशाने खाली आली नाही, पण तागडीत वर दोन मुठी टाकल्या. म्हापशात घासाघीस अशीच होते. भाव धरून राहतात, माप सैल करतात. ‘अजून थोडं घाल गे’ म्हटलेलं चालतं, ‘शंभर कमी कर’ म्हटलं की तोंड वळतं.

मिरची कशी बघायची ते सांगते. मूठभर घेऊन कानाशी दाबा, कडकड वाजली पाहिजे. मऊ दबली तर आत ओल आहे, वजनात तुमचे पैसे जाणार आणि श्रावणात डब्यात बुरशी येणार. मग एक मोडा. गावठी मिरचीची साल पातळ, बिया फिकट पिवळ्या, आणि मोडल्या मोडल्या नाकाला झिणझिण्या. साल सुरकुत्यांची, लांबट, गडद काळपट लाल आणि वासाला गोडसर असेल तर ती ब्याडगी. ब्याडगी मलाही लागते, रंगाला घालते, पण ती मी ब्याडगीच्या भावाने घेईन ना! या बाजारात गावठी मिरची ब्याडगीपेक्षा बरीच महाग, म्हणून एका पोत्यात दोन्ही मिसळायचा मोह होतो. पोत्याच्या वरची मिरची बघू नका, हात कोपरापर्यंत आत घाला. कोणी हरकत घेतली तर तिथून उठा. मांद्र्याच्या म्हातारीने स्वतःच पोतं अर्धं उलटं केलं.

आता गळ्यात मारलेल्याची गोष्ट. माडाचं गोड, म्हणजे नारळाच्या सुरेचा, माडातून काढलेल्या रसाचा, गूळ. काळाकुट्ट, सुळक्यासारखा किंवा वडीच्या आकाराचा, वास थोडा धुराचा. पातोळ्यांना आणि दोदोल या गोव्याच्या मिठाईला दुसरा गूळ चालत नाही. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी होत चाललेत, मुलं त्या धंद्यात उतरत नाहीत, म्हणून हा गूळ कमी आणि महाग. त्यातच फसवणुकीला वाव. आतल्या गल्लीतल्या एका दुकानातून मी सहा सुळके आणले, दुकानदार ‘अस्सल’ म्हणून छातीठोक सांगत होता. घरी पातोळ्यांच्या सारणात घातला तर नुसता गोड, साखरेच्या पाकासारखा, ना धूर ना तो मागाहून येणारा खारटपणा. अस्सल माडाचं गोड मेच्या उन्हात हाताला चिकटतं, नरम पडतं, कागदातून पाझरतं. कडक, कोरडं, चकचकीत असेल तर त्यात साखर आहे. पुढच्या शुक्रवारी दुकानात जाऊन सांगितलं, तर मालक म्हणाला आम्ही बनवत नाही, येतं तसं विकतो. बरोबरच आहे त्याचं, बनवत असता तर निदान पत्ता तरी सांगता आला असता. तेव्हापासून मी हा गूळ बाहेर टोपली घेऊन बसणाऱ्यांकडूनच घेते, आणि आधी चिमूटभर तोंडात टाकल्याशिवाय नाही.

सोलं घेताना एवढंच बघा की ती फार काळी नकोत आणि हाताला मीठ फार लागायला नको. मिठाने वजन वाढतं. कोकमाला आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं मानांकन आहे, त्यामुळे सोलं घ्यायला सीमा ओलांडणं खरं तर आम्हाला शोभत नाही. पण म्हापशात भिरंडेल मिळतं, कोकमाच्या बियांचं गोठलेलं तेल, मुठीएवढे पांढुरके गोळे. आमच्याकडे मुठेल म्हणतात आणि आता घरोघरी कोणी करत नाही. पायाच्या भेगांना यासारखं काही नाही. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहणाऱ्या बाईला विचारा.

सुक्या मासळीची रांग नाकानेच सापडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या शुक्रवारी इथे अर्धा बार्देश लोटलेला असतो. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. सुके बोंबील, खारे बांगडे, जवळा, सुंगटां म्हणजे कोळंबी, सगळं ढिगांनी. जवळा मुठीत घेऊन वाळू लागते का ते बघावं. किनाऱ्यावर नुसत्या वाळूत पसरलेला जवळा कितीही धुतला तरी दाताखाली करकरतो. चटईवर वाळवलेला थोडा महाग पडतो, तोच घ्या. खारे बांगडे पोटाशी पिवळे पडलेले घेऊ नका, ते खवट झालेले असतात. माझ्या मते या रांगेतला सगळ्यात चांगला माल सोडे आणि सगळ्यात वाईट बोंबील. बोंबील बरेचदा लांबून आलेले असतात आणि जुने असतात. बोंबील मी मालवणातूनच मागवते.

उकडा तांदूळ. इथे ‘कोरगुट’ हा शब्द ऐकला की लोक भारावून जातात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत तग धरणारं हे जुनं भात. पेजेला चव वेगळी, पोटाला धरून राहते. पण लाल दिसला म्हणजे कोरगुट झाला असं नाही. ज्योतीचा उकडाही लालच असतो आणि बाजारात बहुतेक तोच असतो. कोरगुटचं बी वेगळं राखणारे शेतकरी थोडे, त्यांचा तांदूळ बाजारापर्यंत पोचायच्या आतच ओळखीपाळखीत संपतो. मी ज्योतीचा उकडा ज्योतीच्या नावाने आणि भावाने घेते, पेज उत्तम होते. कोणी कोरगुट म्हणाला तर गाव विचारते, आणि गाव खाडीपासून लांबचं निघालं की भाव पुन्हा विचारते.

आंब्याचं लिहू की नको असं झालंय, कारण सावंतवाडीच्या बाईने मानकुरादची तारीफ केली तर घरी जेवण मिळायचं नाही. लिहितेच. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, मानकुरादला २०२३ मध्ये. गोव्याची माणसं त्याआधीही आणि नंतरही एकच सांगतात की हापूस विकायला, मानकुराद खायला. मानकुराद दिसायला सामान्य, सालीवर ठिपके, पण रेषा नाही आणि गोडीत एक आंबूस धार असते जी हापूसला नाही. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचे जे भाव सांगतात ते ऐकून मी दुसरीकडे बघते. मेच्या मध्यावर भाव उतरतात तेव्हा घ्यावेत, डझनावर विकतात, आणि देठाजवळ हुंगून घ्यावेत. सगळे एकसारखे पिवळे झालेले असतील तर पेटीतली पावडर बोलतेय समजा.

मयड्याची केळी एकदा तरी घ्याच. हातभर लांब म्हणणार नाही, पण मनगटाएवढी जाड नक्की. कच्ची खाऊन बघू नका, निराश व्हाल. साल काळी पडेपर्यंत ठेवायची, मग तुपात काप परतायचे किंवा वेळ असेल तर हलवा. बाजारात पिवळी टुणटुणीत दिसणारी घेऊन दोन दिवसांत फणा कचऱ्यात टाकणारी माणसं मी पाहिलीयत. मयड्याचं नाव सांगून दुसरी जाड केळी विकायचा प्रकार इथेही आहे, पण या केळ्याचा घाट असा की एकदा हातात घेतलेला माणूस पुन्हा फसत नाही.

पर्र्याच्या कलिंगडाचं मात्र वाईट वाटतं. मनोहर पर्रीकर आपल्या गावची गोष्ट भाषणांतून सांगायचे, की एक शेतकरी सगळ्यात मोठी कलिंगडं गावच्या पोरांना फुकट खायला घालायचा, अट एकच, बिया चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या. त्या बिया तो पेरायचा. पुढच्या पिढीने मोठी फळं बाजारात पाठवली आणि पोरांना लहान दिली, आणि काही वर्षांत मोठं कलिंगडच संपलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हापशात ‘पर्र्याचं’ म्हणून ओरडतात तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. फळ गोड निघतं कधीकधी. पण त्या नावाचे जास्तीचे पैसे मी देत नाही.

चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या माळा, त्यांच्या रांगेबद्दल मी काही लिहू शकत नाही, आमच्याकडे चालत नाही. बरोबर येणारी शेजारीण फर्नांडिसबाई घेते. तिचं म्हणणं, मण्यांसारखी बारीक माळ घ्यावी, ती जास्त वाळलेली असते आणि टिकते. व्हिनेगार माडाचंच आहे का ते ती वासावरून सांगते. विकणारी तिला घाबरते हे मी बघितलंय.

चवथीच्या आधीचा शुक्रवार हा वेगळाच बाजार असतो. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची चौकट, तिला गोव्यात माटोळी, आमच्याकडे माटवी. कवंडाळं, कांगलां, आंबाडे, सुपारीचे घोस, रानातून आणलेली जी फळं वर्षभर कोणी विचारत नाही ती त्या दिवशी भाव खातात. दोडामार्गच्या बायका आदल्या रात्रीच येऊन बसतात. गर्दी असह्य, पण ज्यांच्या घरची माटवी अलीकडे प्लास्टिकच्या फळांवर आलीय त्यांनी एकदा यावं आणि लाजावं. पावसाळ्यात रोयणीची आळमी, म्हणजे वारुळावरची अळंबी, तीही दिसतात, पानात बांधून, नगावर विकायला, भाव सोन्याचा. मी घेत नाही. खानावळीत परवडत नाहीत आणि रानातून ओरबाडून आणतात ते बरंही वाटत नाही.

पोटाचं काय? बाजाराच्या आसपास पातळ भाजी आणि पाव मिळतो, सोबत मिरचीचं भजं. सकाळी नऊच्या आत खाल्लं तर पाव गरम असतो. घरी न्यायला पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोळी घ्या, हा कोंड्याचा पाव, सावंतवाडीला पोचेपर्यंत मऊ राहतो.

बाकी किरकोळ सूचना. सकाळी साडेसातला पोचा, अकराला निघा. घरचा माल आणणाऱ्या बाराच्या गाड्यांनी परततात, मागे राहतात ते व्यापारी. क्यूआर कोड दुकानांत आहेत, गोणपाटावर असतीलच असं नाही, सुटे पैसे बाळगा. स्वच्छतागृहाची अपेक्षा ठेवू नका, बसस्टँडवर आटपून या. मिरचीची पिशवी एसटीत वर फळीवर ठेवू नका. गाडी पत्रादेवीला पोचेपर्यंत अख्खी बस शिंकायला लागते आणि कंडक्टर तुमच्याकडेच बघतो.